ऐकू येत असल्याचा दाखला

"तोंड मागून उघड. आधी कान उघड."

शाळेतल्या गाण्याच्या बाईंचा हा आवाज अजून जसाच्या तसा आठवतो. बाईंच्या हातात खडू असे आणि सूर चुकला की तो खडू बरोबर चुकलेल्याच्याच कपाळावर जाऊन बसे. वर्ग कितीही भरलेला असो, नेम चुकला नाही. माझ्या कपाळावर मात्र खडू कधी आला नाही, कारण मी गातच नसे. नुसता ऐकत असे. एकदा बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हा गात नाही, पण याला कान आहे." कुणाला वाडवडिलांकडून जमीन मिळते, कुणाला दागिने मिळतात. मला कान मिळाला. तो मी तेव्हापासून मिरवत आलो आहे, कारण बाकी कुठल्याच अवयवाबद्दल कुणी कधी काही चांगलं बोललेलं नाही.

तर या कानानं परवा माझी जी शोभा केली, ती सांगायची आहे.

आमच्या इमारतीत एक गायकवृंद आहे. पहिल्या मजल्यावरच्या मावशी तो चालवतात. त्या टाळी वाजवून ताल देतात, आणि कुणी चुकलं की तीच टाळी अशी वाजते, की पुढची टाळी आपल्या गालावर आहे असं वाटावं. म्हणून त्यांना सगळे टाळीमावशी म्हणतात. वृंदात इमारतीचे सेक्रेटरी आहेत, खजिनदार आहेत, औषधाच्या दुकानाच्या बाई आहेत, आणखी काही घरचे-दारचे आवाज आहेत, आणि शेवटच्या रांगेत माझी बायको आहे. मी वृंदात नाही. मी वृंदाचा कान आहे. म्हणजे सगळ्यांची गाणी रेकॉर्ड करायची, तुकडे कॉम्प्युटरवर जोडायचे, कुणाचा आवाज वर घ्यायचा, कुणाचा हळूच खाली दाबायचा. याला मिक्सिंग म्हणतात. यात मानधन नसतं. मानही नसतो आणि धनही नसतं.

या वर्षी रेडिओवर हौशी गायकवृंदांचा एक कार्यक्रम ठरला आणि टाळीमावशींनी स्वतः गाणं रचलं. त्यातल्या मधल्या दोन ओळी एकटीनं म्हणायच्या होत्या. त्यांनी रांगांवरून नजर फिरवली आणि बोट थेट शेवटच्या रांगेकडे केलं.

"तू म्हणायच्यास."

"मी?" माझ्या बायकोनं मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

त्या ओळी अशा:

*दारी उभी राहिले मी, वारा ओंजळी भरून,*
*हाक कुणी ना मारली, मीच 'ओ' दिली दुरून.*

त्या दिवसापासून घराची चालच बदलली. तिच्या हातातल्या भांड्यांना ठेका आला, कपडे वाळत घालताना चिमटे सुरात लागू लागले, जिना चढताना तिसऱ्या पायरीवर समेची जागा यायला लागली. मीठ भाजीत असतं तशी ती इतकी वर्षं त्या वृंदात होती. नसलं तरच कळायचं. आता कुणीतरी तिला नावानं हाक मारली होती. मला एवढंच म्हणाली, "माझ्या दोन ओळी नीट करा हं." लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं माझ्याकडे माझ्या हुन्नरातलं असं काही मागितलं ते पहिल्यांदाच. मी म्हणालो, "बघच तू."

हे 'बघच तू' अंगलट आलं.

माझे जुने हेडफोन म्हणजे दोन फुटके चमचे होते. त्यांच्या गाद्यांचं कातडं सुटून काळा कोंडा पडत असे आणि मिक्सिंग करून उठलो की माझ्या कानांवर कोळशाची खाण उघडल्यासारखी दिसे. त्यावरून रेडिओवर गाणं पाठवायचं म्हणजे चाळणीतून पाणी आणण्यासारखं. म्हणून मी नव्या वस्तूच्या शोधात वरच्या मजल्यावरच्या वायरमामांकडे गेलो. वायरमामा माझेच काय, कुणाचेच मामा नाहीत. त्यांच्या घरात इतक्या वायरी आहेत, की मामी टॉवेलसुद्धा त्यांवरच वाळत घालतात. संगीत त्यांना आवडतं की नाही हे मला आजवर कळलेलं नाही, पण संगीत ज्यातून वाहतं ते तांबं त्यांना फार आवडतं.

"इन-इअर मॉनिटर घे," मामा म्हणाले. "मंचावर गाणारे कानात घालतात ना, ते. पूर्वी श्रीमंतांचंच काम होतं. आता स्वस्तातले इतके चांगले येतात, की महागवाल्यांनी तोंड लपवावं."

मी मागवले. आले. कानाच्या पाळीच्या आकाराची दोन पारदर्शक बोंडं, आणि प्रत्येकातून निघून कानावरून मागे वळसा घेणारी वायर. सोबत रबराच्या इवल्या टोप्या: लहान, मध्यम, मोठ्या. बोंडावर टोपी चढवायची, बोंड कानात फिरवून बसवायचं, की बाहेरचं जग बंद. आमच्या घरात त्या वस्तूचं नाव पहिल्याच दिवशी 'बोंडं' पडलं आणि कंपनीनं ठेवलेलं नाव वाया गेलं.

"लगेच वापरू नकोस!" मामा जिन्यातूनच ओरडले. "आधी पिकव."

"काय पिकवू?"

"बोंडं. आतला पडदा कोरा असतो. त्यात काही दिवस नुसता खरखराट सोडायचा. मग तो सैलावतो, मग गोडवा येतो."

आंबा अढीत घालावा तशी मी ती बोंडं एका डब्यात ठेवली, खरखराट सुरू केला, झाकण लावलं आणि डबा फडताळात सरकवला. दुसऱ्या दिवशी बायकोचा आवाज आला.

"अहो! डाळीच्या डब्याशेजारी काहीतरी फुत्कारतंय!"

मी पोचेपर्यंत शेजारच्या काकू झाडू घेऊन आल्या होत्या आणि त्यांनी सर्वांना पाय खुर्चीवर घ्यायला लावले होते. मी डबा उघडून बोंडं दाखवली. काकूंनी झाडू खाली केला, पण ज्या नजरेनं त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं ती नजर सांत्वनाला गेलेल्या माणसाची होती.

पिकलेली बोंडं कानात घातली आणि, खरं सांगतो, मी भारावलो. अंधाऱ्या खोलीतला दिवा लागावा तसं झालं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मला इतकी वर्षं फक्त गाणं ऐकू येत होतं. आता गाण्याखाली एक अख्खं गाव वसलेलं निघालं. खुर्चीचा पाय, लिफ्टचं दार, कुणाचा तरी पोटातला गुरगुराट, आणि प्रत्येक दीर्घ स्वराच्या शेवटी एक बारीक टिक्. तो टिक् खजिनदारांचा होता. त्यांची कवळी सूर सोडताना जागेवर बसे.

हा शोध मी तालमीत लावला. बोंडं कानात होती, ताल चालू होता, आणि मी स्वतःशीच पुटपुटलो. निदान माझी समजूत तशी होती. पण कान बुजले की आपला आवाज केवढा आहे ते आपल्याला कळत नाही. ही गोष्ट त्या वस्तूसोबतच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहायला हवी होती. मी पुटपुटलो ते जिन्यापर्यंत गेलं:

"गाताहेत कुठे? कवळीच गातेय! आणि सेक्रेटरी नेहमीप्रमाणे एक पायरी खाली!"

टाळी थांबली. वृंद थांबला. मी मान वर केली तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते आणि खजिनदारांनी तोंड घट्ट मिटलं होतं, ते त्यांनी पुढे कित्येक दिवस माझ्यासमोर उघडलं नाही. सेक्रेटरी एवढंच म्हणाले, "आम्ही खालीच राहतो. तळमजल्यावर."

तालमीनंतर घाईघाईनं बोंडं काढली आणि घरी आल्यावर पाहतो तर डाव्या बोंडावरची टोपी नाही. सोफ्याखाली शोधली, गादीखाली शोधली, केरात शोधली. बायकोनं झाडून काढलं, पण इवलीशी वस्तू, तीही पारदर्शक. "जाऊ द्या," ती म्हणाली. "डबीत आहेत की अजून." मी दुसरी टोपी चढवली आणि कामाला लागलो.

आणि इथून डावं बोंड माझ्याशी वैर धरून बसलं. उजव्या बाजूनं गाणं खणखणीत. डाव्या बाजूनं म्हणजे शेजारच्या घरात कुणीतरी उशीखाली रेडिओ लावलाय. वायर बदलून पाहिली. डावं डावंच. ते बोंड उजव्या कानात घालून बघावं म्हटलं, तर ते डाव्या पाळीच्याच साच्याचं. उजव्या कानात ते उलटा बूट घातल्यासारखं बसेना.

मामांना विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "कान भरल्यासारखा वाटतो का?"

"हो. डावा."

"म्हणजे सील उत्तम बसलंय! उजव्यात नाही वाटत?"

"नाही."

मामांनी खेदानं मान हलवली. "उजवा कान अजून तयार नाही तुझा."

मग मी विकणाऱ्यांकडे तक्रार केली. तिकडून उत्तर आलं, "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया दोषाचा स्पष्ट फोटो पाठवा." मी लिहिलं, आवाज कमी आहे. उत्तर आलं, "कमी आवाजाचा स्पष्ट फोटो पाठवा." मी डाव्या बोंडाचा फोटो काढला, खिडकीपाशी, चांगल्या उजेडात. उत्तर आलं, "फोटोत दोष दिसत नाही. तक्रार बंद करण्यात येत आहे. आमची सेवा कशी वाटली?" मी स्वतः पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या फोनवर बसतो. नळाला पाणी नाही म्हणणाऱ्याला मीही कोरड्या नळाचं वर्णन लेखी मागवलेलं आहे. पण ही सफाई आमच्याकडे नाही. संतापातही मला मनातून त्यांचं कौतुक वाटलं.

शेवटी मी माझ्या अकलेनं उपाय काढला. डावं बोंड कमी ऐकवतं ना, मग मिक्सिंगमध्ये डावी बाजूच वाढवू. वाढवली. दोन्ही कान सारखे झाले. मी ते गाणं टाळीमावशींच्या घरी स्पीकरवर लावलं.

डावीकडे उभ्या राहणाऱ्या बाया एकदम ढगांसारख्या गडगडल्या. उजवीकडचे पुरुष कुठेतरी विहिरीच्या तळाशी 'वाचवा' म्हणत असल्यासारखे. औषधाच्या दुकानाच्या बाई डावीकडच्या; त्या डोळे पुसत म्हणाल्या, "इतक्या वर्षांत आज न्याय मिळाला." सेक्रेटरी उजवीकडचे. ते म्हणाले, "आम्हाला दाबण्यात आलेलं आहे. कुणाच्या सांगण्यावरून, तेवढं कळू द्या." खजिनदार तोंड मिटूनच होते, पण त्यांच्या भुवया सेक्रेटरींच्या बाजूनं बोलल्या. दुसऱ्या तालमीला डावे डाव्या जिन्यानं आले आणि उजवे लिफ्टनं.

पण त्या भांडणातही एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं: मधल्या दोन ओळी. "वहिनींचा आवाज काय सुंदर झालाय हो! ओळखूच येत नाही!" मी नम्रपणे मान झुकवली. कारण ती करामत माझी होती. तिच्या ओळींवर मी जितकी मेहनत घेतली तितकी स्वतःच्या दाढीवर घेत नाही. ओळीआधीचा श्वास मोठा होता, तो कापला. 'ओंजळी'वर आवाज किंचित हलत होता, तो कॉम्प्युटरनं सरळ केला. 'दुरून'च्या शेवटी सूर जरा खचत होता, त्याला टेकू दिला. मग थोडा घुमारा घातला. पाटीवर रेघ ओढावी तशी ती ओळ निघाली. घरी तिला ऐकवली तेव्हा ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "छान आहे." आणि कपड्यांच्या घड्या घालायला गेली. भारावून गेली असेल, असं मी धरलं.

आता दुसरं संकट. बोंडांची वायर कानावरून मागे जाते, आणि स्वस्तातली असल्यामुळे तिचा रंग अगदी कातडीसारखा. कामाच्या वाटेवर मी गाणं तपासत जात असे. लांबून बघणाऱ्याला काय दिसणार? कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ती म्हण मी आजवर माणसांबद्दलच ऐकली होती. वायरीबद्दलही ती खरी आहे.

"यंत्र लागलं का हो कानाला?" शेजारच्या काकू माझ्या तोंडाजवळ येऊन ओरडल्या.

"नाही, हे गाणं ऐकायचं—"

"लाज कसली त्यात! आमच्या ह्यांनाही लागलंय! पण ते घालत नाहीत! तुम्ही निदान घालता!"

त्या दिवसापासून इमारत माझ्याशी ओरडून बोलू लागली. भाजीवाला बोटांनी भाव सांगू लागला. लिफ्टमध्ये लोक माझ्यासमोर माझ्याचबद्दल बोलू लागले, "वहिनींनी काय काय बघायचं," असं. त्यात मी डावीकडून आलेल्या हाकेला खरोखरच ओ देईना. ती अर्थात हाक मारणाऱ्यांची चूक होती. हल्ली लोक स्पष्ट बोलत नाहीत. घरीसुद्धा तेच. बायको माझ्या डाव्या बाजूला उभी राहून काहीतरी सांगायची, थांबायची, मग वळसा घालून उजवीकडे यायची आणि म्हणायची, "काही नाही." तिच्या आवाजात एक नवाच मऊपणा आला होता. माझ्या ताटातलं संपलं की न विचारता वाढत होती. मला वाटलं, रेडिओच्या आनंदात आहे.

मग खात्यातल्या साहेबांनी मला बोलावलं. तेही ओरडलेच, पण ते नेहमी ओरडतात, त्यामुळे काही वेगळं जाणवलं नाही.

"तुम्हाला फोनवरून काढून दप्तरात बसवतोय! त्रास नको तुम्हाला!"

"साहेब, मला ऐकू येतं."

"तसा दाखला आणा."

"ऐकू येत असल्याचा?"

"लेखी. शिक्क्यानिशी. तक्रारीचा फोन आहे, उद्या कुणी म्हणालं माझं ऐकलं नाही, तर?"

आजवर माझं ऐकलं नाही असं म्हणणारे पुष्कळ झाले होते, पण त्या मुद्द्यात मी शिरलो नाही. घरी येतो तर टाळीमावशी बसलेल्या. त्याही मऊ आवाजात म्हणाल्या, "हे बघ, डाव्या-उजव्याचं जे झालं ते का झालं, आता कळलं आम्हाला. कुणाचा राग नाही. पण गाणं रेडिओवर जायचंय. सेक्रेटरी म्हणतात समारंभात स्पीकर लावणाऱ्याकडे देऊ."

स्पीकर लावणारा! जो 'हॅलो, माइक टेस्टिंग'च्या पलीकडे संगीतात गेलेला नाही! माझ्या बायकोच्या दोन ओळी त्याच्या हातात!

"मावशी," मी म्हणालो, "दाखला आणतो. मग तर झालं?"

दवाखान्यात बायको सोबत आली. नको म्हटलं तरी आली आणि रस्ताभर माझ्या डाव्या बाजूनं चालली, रहदारीच्या बाजूनं; एरवी ती मला त्या बाजूला ढकलते. खिडकीवरच्या बाईंनी कॉम्प्युटरवरून नजर न काढता विचारलं, "बहिरेपण किती टक्के?"

"शून्य."

"शून्य घेत नाही हे. पुढेच जात नाही."

"पण मला दाखला ऐकू येत असल्याचाच हवाय."

आता त्यांनी वर पाहिलं. "ऐकू येतं तर दाखला कशाला?"

"ऐकू येतं म्हणूनच."

बाईंनी माझ्या बायकोकडे पाहिलं. बायकोनं त्यांना डोळ्यांनीच काहीतरी सांगितलं. बाईंचा सूर लगेच बदलला. "काका, थोडं तरी टाका. अगदीच थोडं. नाहीतर अर्जच होत नाही." शेवटी, ऐकू येतं हे सिद्ध करण्यासाठी मी थोडासा बहिरा असल्याचं कबूल केलं आणि बाकावर जाऊन बसलो. आमचा पुकारा दोनदा होऊन गेला म्हणे. खिडकी बाकाच्या डावीकडे होती, म्हणजे पुकारा डावीकडून आला. मला बायकोची कोपरखळीच कळली.

मग एका कपाटासारख्या बंद खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण, सूर ऐकू आला की दाबायचं. उजव्या कानात इतके नाजूक सूर आले, की मुंगीनं तानपुरा लावावा. एकही सोडला नाही. मग बराच वेळ शांतता. मी वाट पाहत बसलो, की आता डावा कान सुरू होईल. दार उघडलं. तपासणारी मुलगी म्हणाली, "झालं काका."

"डावा राहिला ना?"

"झाला तोही."

काचेपलीकडे बायको उभी होती. तिनं तो कागदावरचा आलेख पाहिला. उजव्याची रेघ कड्यावर उभी, डाव्याची दरीत कोसळलेली. तिनं माझा हात धरला, तो डॉक्टरांच्या खोलीपर्यंत सोडला नाही. मला एकच गोष्ट मिळाली होती. तीही गेली असेल, तर मी कोण? पाणीपुरवठ्यातला एक जण, दप्तरात बसलेला.

डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा लावला आणि डाव्या कानात डोकावले. "हं," म्हणाले. पुन्हा डोकावले. "अरेच्चा," म्हणाले. मग एक लांबट चिमटा घेतला. कानात कुणीतरी बाटलीचं बूच काढावं तसा आवाज झाला, आणि साऱ्या जगाचा आवाज धाडकन आत आला: पंखा, ट्रॉलीची चाकं, बाहेरच्या बाईंचं "शून्य घेत नाही हे," आणि अगदी जवळ, माझ्या बायकोचा श्वास.

चिमट्याच्या टोकाला एक इवली, पारदर्शक, मशरूमसारखी रबरी टोपी होती.

"ही आपली का?" डॉक्टरांनी विचारलं.

हरवलेली टोपी मी ओळखली. तिच्यावर रोज दुसरी टोपी रेटून रेटून मी तिला आत पोचवली होती. डॉक्टरांना हसू आवरत नव्हतं. ते पाठमोरे होऊन हात धुऊ लागले आणि बराच वेळ धूत राहिले. बायको हसली नाही. तिनं माझा हात मात्र सोडला.

डावा कान पुन्हा तपासला. दोन्ही रेघा कड्यावर. डॉक्टरांनी दाखला लिहून दिला: दोन्ही कानांनी उत्तम ऐकू येते, डाव्या कानातून रबरी टोपी काढण्यात आली. शेवटचं वाक्य वगळा म्हणून मी विनवलं. ते म्हणाले, तसं चालत नाही. साहेबांनी तो दाखला साऱ्या विभागापुढे मोठ्यानं वाचला. टोपीपाशी आल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. हत्ती गेला होता, राहिलेल्या शेपटानं माझी अब्रू नेली.

पण फोन परत मिळाला. टाळीमावशींनीही दाखला पाहिला आणि एकच कोरडी टाळी वाजवून म्हणाल्या, "कर पुरं." मी डावी बाजू खाली आणली, उजवी वर घेतली. डावे-उजवे पुन्हा एकाच पंक्तीत आले. ऐकून खजिनदारांनी तोंड उघडलं आणि "बरं आहे," म्हणाले. टिक्.

आता गाणं रेडिओकडे पाठवायचं राहिलं. त्या संध्याकाळी ती खिडकीशी बसून कपड्यांना बटणं लावत होती. मी स्पीकर लावला, म्हटलं, "ऐक, शेवटचं. मग पाठवतो." तिच्या ओळी आल्या. सरळ, स्वच्छ, पाटीवरच्या रेघेसारख्या. मी तिच्याकडे पाहिलं, शाबासकीसाठी. ती दोरा तोडत होती.

"छान आहे ना?"

ती उठली आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.

"आता इकडूनही ऐकू येतं ना?"

"खणखणीत."

"नक्की? दाखला आहे ना?"

"आहे की. शिक्क्यानिशी."

"मग ऐका," ती म्हणाली. आवाज मऊ नव्हता. "ही मी नाही. ही कुणीतरी भलतीच बाई आहे. त्या ओळीआधी मी श्वास घेतला होता, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा एकटीनं गायचं म्हणून, छाती भरून. तो कुठे आहे? 'ओंजळी'ला माझा आवाज हलला, तो काय म्हातारा झाला म्हणून हलला? मला भरून आलं होतं, आणि मी ते येऊ दिलं होतं. सगळी इमारत म्हणाली, ओळखूच येत नाही. आणि तुम्ही मान झुकवलीत! घरात जरा गुणगुणले की ओठांवर बोट ठेवता, म्हणता 'शू, गाण्याचं काम चाललंय.' मी काय भांडी वाजवत होते?"

"अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस? 'छान आहे' म्हणालीस!"

"मला वाटलं, कान गेला तुमचा. म्हटलं, बिचाऱ्याला आता ऐकूच येत नाही, त्याच्यावर काय रागवायचं. गिळला राग. हात धरून दवाखान्यात नेलं. आणि निघाली काय, तर टोपी! बसा त्या खुर्चीवर. ती बोंडं बाजूला ठेवा आधी. आता दोन्ही कान शाबूत आहेत ना तुमचे? मग आता मी रागावणार आहे."